‘फॉस्टर’ आधी वाचू की त्यावरचा ‘द क्वाएट गर्ल’ आधी पाहू? सिनेमा फार संथ आहे म्हणतात, झेपेल का?

आधी पुस्तक. एवढंच लिहून उठणार होते, पण ते ‘झेपेल का’ वाचलं आणि राहवेना.

आयरिश लेखिका क्लेअर कीगनचं हे पुस्तक २०१० साली आलं. शंभर पानंही नाहीत, एका बैठकीत होतं. रविवारी सकाळी चर्चमधली प्रार्थना उरकल्यावर बाप मुलीला घरी न्यायचं सोडून आयर्लंडमधल्याच वेक्सफर्डच्या बाजूला, आईच्या नातलगांकडे घेऊन जातो. आईला पुन्हा दिवस गेलेत, घरात आधीच पोरांची रांग. बाप तिथं जेवतो, पावसापाण्याच्या गप्पा मारतो आणि निघून जातो. मुलीचे कपडे गाडीतच राहतात. हे सगळं मुलगीच सांगते, त्यामुळे ती किती दिवसांसाठी आलीय हे जसं तिला माहीत नाही, तसं आपल्यालाही नाही. ही गंमत पडद्यावर पुरती येत नाही. म्हणून आधी वाचा.

आता संथपणाचं. मी हा सिनेमा घरी लॅपटॉपवर पाहिला, धाकट्या भावासोबत. नव्वदेक मिनिटांत त्याने चार वेळा फोन बघितला. सिनेमात एक जागा आहे: त्या नातलगांच्या घरातला पुरुष पहिले काही दिवस मुलीकडे बघतही नाही. मग एकदा बाहेर जाता जाता तिच्यासमोर टेबलावर एक बिस्कीट ठेवतो आणि निघून जातो. बस. माझा भाऊ म्हणाला, “ताई, यात घडतंय काय?”

मी सिनेमा बंद केला. त्याला वाटलं चिडले. चिडलेच होते.

हा भाऊ पोटात होता तेव्हा मला वाळवा तालुक्यात आत्याकडे ठेवलं होतं. मी सहा वर्षांची. बाबांनी कापडी पिशवीत दोन फ्रॉक दिले होते, पैकी एक आखूड झालेला. आत्याला मूलबाळ नव्हतं. आतोबा महिनाभर माझ्याशी अक्षर बोलले नाहीत. पण संध्याकाळी शेतातून आले की सदऱ्याच्या खिशातून ओल्या शेंगा काढायचे आणि मी बसलेली असायची तिथे उंबऱ्यावर ठेवून आत जायचे. त्यांना माती लागलेली असायची. आत्या ओरडायची, धुऊन तरी द्या पोरीला. ते धुवायचे नाहीत आणि मी तशाच खायची.

तर, यात ‘घडतं’ हे.

आमच्या घरात हा विषय काढला की आई म्हणते, “चारच महिने तर होतीस. आणि तुला काय उकिरड्यावर टाकलं होतं?” नव्हतं टाकलं. मी तसं कधी म्हटलेलंच नाही. माझं म्हणणं एवढंच की चार नाही, अकरा महिने. आणि बाबा न्यायला आले तेव्हा मी धान्याच्या कणगीमागे लपले होते. बाबांना वाटलं लाजतेय.

सिनेमा बघायचाच असेल तर इंग्रजी सबटायटल लावून बघा, कारण तो बहुतांश आयरिश भाषेत आहे. आयरिश म्हणजे इंग्रजीची बोली नव्हे, वेगळीच भाषा, माझ्या भावाला हेही सांगावं लागलं. मुलीचा बाप मात्र इंग्रजीत बोलतो. त्याच्याबद्दल वेगळं काही सांगायची गरजच उरत नाही. दिग्दर्शक कोलम बारेडचं हे डोकं मला फार आवडलं. २०२३ च्या ऑस्करला परदेशी चित्रपटांत नामांकन मिळालेला हा पहिला आयरिश भाषेतला सिनेमा. बक्षीस जर्मन युद्धपटाला गेलं. जाऊ दे.

एक मात्र खरं: कथानकासाठी बघणार असाल तर नकाच बघू. शेजारीण एकदा मुलीला त्या घरातली दुःखाची गोष्ट सांगून टाकते, रहस्य म्हणाल तर तेवढंच. आणि माझं मत एकतर्फी आहे हेही धरून चाला. आजोळी मजेत राहून आलेल्यांना कदाचित माझ्या भावासारखंच वाटेल.

ता. क. हे लिहिता लिहिता जुनी कागदपत्रं काढली. पहिलीचं प्रगतिपुस्तक सापडलं, आत्याच्या गावच्या शाळेचं. जून ते एप्रिल, हजेरीच्या सगळ्या रकान्यांत आकडे, पालकाच्या सहीच्या जागी आतोबांची वाकडी सही. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. भावाने अंगठा दिला. आईचं उत्तर अर्ध्या तासाने आलं: “अक्षर किती छान होतं गं तुझं तेव्हा.”