रिपोर्टमध्ये 'डबल आयव्हीसी' आलंय, घाबरायचं का?

प्रश्न: मुतखड्यासाठी आईचा सीटी स्कॅन केला तर रिपोर्टमध्ये 'डबल आयव्हीसी' आलंय, ती टेन्शनने नीट जेवतही नाहीये हो डॉक्टर.

उत्तर: आधी आईंना पोटभर जेवायला सांगा, हा आजार नाहीच. पाय-पोटाकडचं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर म्हणजे आयव्हीसी, ती बहुतेकांना उजवीकडे एकच असते, पण गर्भात डावीकडची जी शीर विरून जायला हवी ती कधीकधी तशीच राहते आणि मग दोन दिसतात, डावी बहुधा किडनीच्या शिरेला जाऊन मिळते. साध्या स्कॅनमध्ये ही चक्क गाठ वाटू शकते, म्हणून स्पष्ट लिहिलं ते फार बरं झालं. रिपोर्ट मात्र जपून ठेवा, पुढे महाधमनीचं किंवा किडनीचं ऑपरेशन निघालं किंवा रक्ताची गुठळी अडवायला फिल्टर बसवायचा झाला तर सर्जनना आधीच दाखवा.