वाचक विचारतात: मोठा रेडिएटर, छोटी पुली आणि घाटात तापणारी जिप्सी

प्रश्न (कराड): सर नमस्कार. माझी २००७ ची जिप्सी एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवाली) आहे. सासुरवाडी चिपळूणला, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट होतोच. जाताना काही नाही पण येताना चढाला पुढे लोडेड ट्रक आला की टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागतो. एसी बाहेरून बसवून घेतलाय. मित्र म्हणतो डबल रो (नळ्यांच्या दोन रांगांचा) अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर टाक आणि सोबत क्रँकची (इंजिनच्या मुख्य दांड्याची) छोटी हलकी पुली पण टाक, गाडी सुसाट पळेल. शिरोली एमआयडीसीत लेथवर पुली करून मिळतेय. दोन्ही एकदमच बसवून टाकू का?

उत्तर: रेडिएटर बघू, पण पुली आत्ता अजिबात नको. तुमच्या मित्राचं चुकलंय असं नाही, त्याची गाडी कदाचित वेगळी असेल. जिप्सीत काय आहे बघा, बॉनेट उघडलं की समोर जो पंखा दिसतो तो वॉटर पंपाच्याच तोंडावर बसलेला आहे आणि दोघांनाही फिरवणारा बेल्ट क्रँकच्या पुलीवरून येतो. म्हणजे क्रँकची पुली समजा २० टक्के छोटी केली तर पंप २० टक्के हळू, पंखा हळू, आल्टरनेटर पण हळू. घाटात दुसऱ्या गिअरला २५०० आरपीएमवर इंजिन रडतंय आणि पंख्याला वाटतंय २००० च चाललेत. एका हाताने मोठा रेडिएटर द्यायचा आणि दुसऱ्या हाताने त्याची हवा काढून घ्यायची, असला हा प्रकार आहे.

आणि ते 'सुसाट पळते' कुठून येतं ते पण ऐका. पंखा फिरवायला लागणारी ताकद स्पीडच्या घनाप्रमाणे वाढते. स्पीड ०.८ पट केला की ताकद ०.८ चा घन, म्हणजे साधारण निम्मीच लागते. तर जे काही चार-दोन घोडे सुटे झाल्यासारखे वाटतात त्यातले बरेचसे तुमच्या पंख्याच्या पोटातून काढलेले असतात. ८० बीएचपीच्या गाडीत तो फरक जाणवेलही थोडा, नाही म्हणत नाही, पण तुमचं दुखणं तापण्याचं आहे.

आता खरं दुखणं कुठंय ते. हळू चालताना तापते आणि हायवेला ८० ला गार राहते, तर हवा कमी पडतेय, पंख्याकडे बघा. उलट हायवेलाच तापत असेल तर रेडिएटर चोक आहे. तुम्ही जे लिहिलंय ते पहिल्या प्रकारात बसतं. म्हणून पहिली टेस्ट फुकटची, गाडी चांगली गरम करा, बंद करा, चावी खिशात घाला आणि पंखा हाताने फिरवून बघा. जड लागला पाहिजे. भिंगरीसारखा चार-पाच चकरा मारून फिरत राहिला तर पंख्याचा व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर पंख्याला घट्ट धरणारी तेलाची जोडणी) गेला, नवीन टाका, विषय बहुतेक तिथंच संपेल.

दुसरं म्हणजे बाहेरून बसवलेला एसी. त्याचा कंडेन्सर (एसीचा गॅस गार करणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे येतो आणि दोघांच्या मधल्या बोटभर फटीत काय काय साठतं हे कुणी बघतच नाही. माझ्या स्वतःच्या गाडीचा रेडिएटर एका गॅरेजवाल्याने मला 'बदलावाच लागेल' म्हणून सांगितला होता, मी घरी आणून दोन बोल्ट काढले आणि कंडेन्सर पुढे ओढला तर मधे लाल चिखल, वाळलेलं गवत आणि फुलपाखरांचे पंख असा नमद्यासारखा थर बसलेला. तो हाताने सोलून निघाला! पाणी मारायचं ते इंजिनच्या बाजूने पुढे, आणि साध्या पाइपने. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला की फिन्स (रेडिएटरच्या पातळ पत्र्या) केसांसारख्या आडव्या होतात. शिवाय पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं श्राउड आहे ना बघा, कारण मागच्या वेळी पंप बदलताना ते 'मधे येतंय' म्हणून काढून ठेवलेल्या गाड्या मी बऱ्याच बघितल्यात, श्राउड नसेल तर पंखा रेडिएटरमधून कमी आणि इकडून तिकडून जास्त हवा ओढतो.

एवढं करूनही तापली तर मग खुशाल रेडिएटर घ्या. फक्त तांबं उष्णता जास्त वाहतं तरी अ‍ॅल्युमिनियम का, असं कुणी विचारलं तर उत्तर एवढंच की अ‍ॅल्युमिनियमच्या ट्यूब रुंद करता येतात, वजन कमी, आणि जास्त रो घालून हवेची वाट अडवावी लागत नाही. आणि एक अपेक्षा आधीच सोडून द्या, मोठ्या रेडिएटरने गाडी रोज 'थंड' चालणार नाही, थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) ८२ अंशाचा असेल तर इंजिन ८२ च्या आसपासच राहणार, फायदा फक्त घाटात दिसेल.

बसवताना इंजिन पूर्ण गार पाहिजे. जाड कोअर (रेडिएटरची जाळी) घेतलात तर पंख्याची पाती आणि फिन्स यांच्यात दोन सेंटिमीटर तरी जागा राहते का हे ऑर्डर देण्याआधी मोजा, नंतर नाही, कारण इंजिन माउंटिंगवर हलतं आणि जोरात ब्रेक मारला की पुढे येतं. खालचे रबरी बुश जुने कडक झाले असतील तर नवीन टाका, अ‍ॅल्युमिनियमची वेल्डिंग बॉडीचे हादरे सहन करत नाही. कूलंट भरताना गाडीचं तोंड चढावर, हीटर फुल्ल गरमवर, कॅप उघडी, आणि वरचा पाइप गरम होऊन बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू ओतायचं. दोन दिवस रोज सकाळी गार असताना लेव्हल बघा. गरम असताना कॅपला हात लावायचा नाही, आत १०० च्या वरचं पाणी दाबामुळे पाणी राहिलेलं असतं, दाब गेला की ते थेट अंगावर येतं.

पुलीचा मोह सुटतच नसेल तर निदान मूळ साइजचीच घ्या, आणि त्याआधी ओरिजिनल पुली नीट बघा. मधला हब आणि बाहेरची रिंग यांच्यात काळी रबरी पट्टी दिसली तर ती नुसती पुली नाही, डॅम्पर आहे. प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित पिळला जातो आणि ती पिळवट ते रबर खातं. तिच्या जागी सॉलिड लेथकाम टाकलं तर पिळवट क्रँकला आणि बेअरिंगला. टायमिंग तपासायची खाच लेथवाला करून देणार आहे का तेही विचारा, बहुतेक जण विसरतात.

प्रश्न (पनवेल): २००१ ची होंडा सिटी १.५, अंडरड्राइव्ह (मूळपेक्षा छोटी क्रँकची) पुली बसवलीय. आयडलला बॅटरीचा लाइट मिणमिणतो, एसी सिग्नलला गार करत नाही. पंप पण हळू झाला असेल का?

उत्तर: पंप नाही. या सिटीत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर आहे आणि रेडिएटरचे पंखे इलेक्ट्रिक, म्हणून तापणार नाही. पण आल्टरनेटर आणि कॉम्प्रेसर त्याच पुलीवर, पुली २० टक्के छोटी असेल तर ७५० आरपीएमच्या आयडलला त्यांच्या वाट्याला ६०० सारखे येतायत, त्यात रात्री हेडलाइट, एसी, वायपर एकदम लागले की बॅटरी खर्चात. पावसाळ्याआधी जुनी पुली परत बसवा. बोल्ट काढणाऱ्याला एक आठवण करून द्या, हे होंडाचं इंजिन उलटं फिरतं, आणि ५० एमएमचं षट्कोनी होल्डर घालूनच पुली धरायची, दात्यात स्क्रू ड्रायव्हर अडकवून नाही. बोल्ट घट्ट करायचा तो टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला.

प्रश्न (मिरज): अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी चालेल का, गाळून?

उत्तर: नाही. क्षार गाळणीतून जातात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट अर्धं अर्धं, आणि हिरव्यात लाल ओतू नका.