सोबत कोण आलंय, तिकडं आधी बघ

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

गावात मानसिक आजार असलेल्यांच्या घरच्यांना एकत्र आणायचं तू मनावर घेतलंयस, वाचून फार बरं वाटलं. देवळाच्या हॉलमध्ये बॅनर लावून डॉक्टरांचं भाषण ठेवायचं म्हणतेस. ठेव, पण सुरुवात त्यानं नको. तसल्या बॅनरखाली येऊन बसायला तुमच्या शिरोळ भागातलं एकही घर पहिल्या दिवशी धजणार नाही. चार घरं शोध. चौघींना चहाला बोलाव, कुणाच्या तरी सोप्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, धारा काढायच्या वेळेआधी.

आणि त्या दिवशी आजारी माणसाबद्दल काही विचारू नकोस. जी आलीय तिलाच विचार, रात्री झोप लागते का.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, तुला माहीत आहेच. आजार सुरू झाला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. रात्री उठून निघून जायचा, म्हणून आई दाराला पाठ लावून बसायची. 'बाहेरचं हाय' म्हणत देवऋषी झाले, अंगारे झाले, त्यात दोन वर्षं गेली. मग दवाखाना सुरू झाला, गोळी लागू पडली, तो शांत झोपायला लागला. आई मात्र तशीच दाराशी बसायची. डॉक्टर, नर्स, पाहुणे, सगळे त्याची चौकशी करायचे. तिची कुणी केली नाही. मीसुद्धा नाही. ते आजही मला बोचतं.

अंगाऱ्यावरून कुणाशी भांडू नकोस. अंगारा लावू देत, गोळीही चालू ठेवू देत. पण भूत उतरवायचं म्हणून मारहाण, साखळीनं बांधणं असलं काही दिसलं तर गप्प बसायचं नाही. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

उपचारासाठी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या आपल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. नुसतं 'सीपीआरला जावा' सांगून भागत नाही. पहिल्या खेपेला तू बरोबर जा. केसपेपरची रांग, मग नंबर, मग औषधाची खिडकी. पोरगा रांगेत स्वतःशीच बोलतोय, लोक वळून बघतायत, अशा वेळी त्याच्या आईशेजारी आपलं कुणीतरी उभं असणं, याला मी अर्धा उपचार मानते. दर महिन्याला कोल्हापूर गाठणं परवडत नसेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची तपासणी जवळपास कुठं आणि कधी असते, ते गावातल्या आशा सेविकेकडून काढून घे.

खरी गळती औषधात होते. मी स्वतः ती चूक केलीय. भाऊ आठ महिने चांगला राहिला, तेव्हा मला वाटलं, आता कशाला एवढ्या गोळ्या? डॉक्टरांना न विचारता बंद केल्या आणि दीड महिन्यात सगळं पहिल्यासारखं झालं. तुमच्याकडं ऊसतोड लागली की घरात कुणाला वेळ नसतो, तेव्हा गोळी चुकते. नवरात्रात उपवासाच्या नावाखाली गोळ्या बाजूला पडतात. लिथियम नावाची मानसिक आजारावरची गोळी चालू असलेल्यानं निर्जळी उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचाच नाही. शरीरातलं पाणी कमी झालं की ते औषध रक्तात वाढतं आणि बाधतं. हे प्रत्येक घरात नीट समजावून सांग. आणि 2019 चा महापूर तू पाहिलायस. ज्या घरात आजार आहे तिथं पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, पावसाळाभर खुंटीला टांगलेली असू दे. चिठ्ठीचा फोटो तुझ्याही मोबाईलवर असू दे.

रात्री-अपरात्री काही सुचेना तर 14416 हा टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा, नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि घरचेही फोन करू शकतात. पण कुणाच्या जिवाला धोका दिसला तर फोनवर थांबायचं नाही, 108 ला गाडी बोलवायची. जीव द्यायचा प्रयत्न झाला की 'पोलीस केस होईल' म्हणून लोक दवाखान्यात न्यायला कचरतात. त्यांना ठामपणे सांग: 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं, त्याच्यावर खटला भरायचा नसतो. शेतातली फवारणीची विषारी औषधं कुलपात आणि किल्ली दुसऱ्याच माणसाकडं, एवढं तर आजच सांग.

याच कायद्यानं आरोग्य विम्यात मानसिक आजारालाही इतर आजारांसारखंच धरायला लावलंय. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचंही बघ, मानसिक आजार त्यात बसतो. कागदपत्रं कुठली लागतात ते भेटल्यावर सांगते, माझ्याकडं सगळी फाईल आहे.

तू कुणाची डॉक्टर नाहीस, हेही लक्षात ठेव. सल्ला द्यायची घाई करू नकोस. कुणी रडायला लागली तर रडू दे, पाण्याचा तांब्या पुढं ठेव.

चौघींतली एकच आली तरी चहा टाक. मला वार कळव, मी सकाळच्या एसटीनं येते.

तुझी,
मावशी