तुरटी फिरवली, तरी पाणी पिवळसर का?

प्रश्न : आषाढ लागला की आमच्या नळाचे पाणी पेल्यात स्वच्छ दिसते, परंतु पांढऱ्या बादलीत भरले की त्याला फिकट पिवळसर छटा जाणवते. सासूबाईंच्या सवयीप्रमाणे मी हंड्यात तुरटी फिरवते आणि पाणी चौपदरी फडक्याने गाळते, तरीही रंग जात नाही. काही दिवस टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीचा उग्र वासही येतो. हा रंग कशाचा असतो आणि क्लोरीन घातलेल्या पाण्यात तो राहिला तर अपाय होतो का?
— एक गृहिणी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : पेला आणि बादली यांतला फरक आपण टिपलात, त्यातच निम्मे उत्तर आहे. फिकट रंग डोळ्यांना जाणवण्यासाठी प्रकाशाला पाण्यातून पुरेसे अंतर कापावे लागते. पेल्यात ते चार बोटे असते, बादलीत हातभर. पाण्यात गाळ तरंगत असता तर ते पेल्यातही धुरकट दिसले असते. म्हणजे आपल्या पाण्यातला गढूळपणा गेलेला आहे आणि मागे राहिला आहे तो बहुधा विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांचा रंग.

गंगापूर धरणात येणारे पाणी त्र्यंबकच्या बाजूच्या डोंगरउतारांवरून वाहत येते. वर्षभर साचलेला पालापाचोळा, कुजलेले गवत आणि शेतांतली माती यांना पहिल्या मोठ्या पावसांत अक्षरशः भिजत घातले जाते आणि त्यांचा अर्क ओढ्यांवाटे खाली उतरतो. चहा गाळताना पत्ती गाळणीत राहते आणि रंग कपात उतरतो, तसेच आपल्या फडक्याचेही होते; पदर चार असोत की आठ. ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून जे पार जाते त्याला प्रयोगशाळेत ‘विरघळलेले’ म्हणण्याचा संकेत आहे आणि या अर्कातली ह्युमिक व फल्विक आम्ले (कुजलेल्या वनस्पतींतून येणारे पिवळसर-तपकिरी सेंद्रिय पदार्थ) बव्हंशी त्यातूनही निसटतात.

मग तुरटीचा उपयोग नाही का? आहे, परंतु हंड्यात नव्हे. जलशुद्धीकरण केंद्रात वापरतात ते ॲल्युमिनियम सल्फेट किंवा पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड. त्यातले धनभारित ॲल्युमिनियम मातीच्या ऋणभारित कणांचा भार उतरवते आणि ते कण एकमेकांना चिकटून जड होतात. सेंद्रिय आम्लांचे रेणूही ऋणभारितच असतात. पण त्यांच्याशी जुळण्यासाठी मात्रा जास्त लागते आणि पाण्याचा सामू (पीएच) साधारण ५.५ ते ६.५ या पट्ट्यात यावा लागतो, तर नुसता गाळ बसवायला साडेसहा ते साडेसातचा सामूही चालतो. आपल्याकडचे पाणी सामान्यतः किंचित अल्कधर्मी असते; त्यामुळे घरगुती तुरटीने माती खाली बसते, रंग मात्र वरच राहतो. शिवाय केंद्रात मात्रा मिसळताना पाणी मिनिटभर जोरात ढवळतात, नंतर वीस-तीस मिनिटे अगदी संथ फिरवतात, म्हणजे कापसासारखे पुंजके धरतात आणि मोडत नाहीत. हंड्यात दोन फेरे मारून हे साधत नाही. रंग जाईना म्हणून तुरटी वाढवू नये. न बसलेले ॲल्युमिनियम पाण्यातच राहते आणि भारतीय मानकात त्याची सुचवलेली मर्यादा लिटरमागे अवघी ०.०३ मिलिग्रॅम आहे.

केंद्रातही हे आपोआप होत नाही. रोजची मात्रा ‘जार टेस्ट’ करून ठरवतात : पाच-सहा भांड्यांत एकच पाणी घेऊन वेगवेगळी मात्रा घालतात आणि कोणते आधी निवळते ते पाहतात. ही पद्धत उत्तम आहे. पण निवाडा केवळ नजरेने किंवा गढूळपणा मोजून केला, तर ती सेंद्रिय पदार्थांबाबत आंधळी ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच भांड्यांतले पाणी २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात तपासले, तर सेंद्रिय पदार्थ किती उरले याचा अंदाज काही मिनिटांत मिळतो. एवढे करूनही मोठे रेणूच प्रामुख्याने निघतात. लहान, पाण्यात सहज मिसळणारे रेणू तुरटीला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन, ओझोन आणि त्यापाठोपाठ जिवाणूंचा थर वाढू दिलेला कार्बन, आयन-विनिमय राळ किंवा नॅनोफिल्टरची पटले असे खर्चिक उपाय आहेत.

आता अपायाविषयी. हे पदार्थ स्वतः फारसे विषारी नाहीत. अडचण क्लोरीनशी गाठ पडल्यावर सुरू होते. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी १९७४ साली दाखवून दिले की, नदीच्या पाण्यातील नैसर्गिक रंगद्रव्यांवर क्लोरीनची क्रिया होऊन क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडे, म्हणजेच ट्रायहॅलोमिथेन, तयार होतात. दीर्घकाळ पोटात गेल्यास ती घातक ठरू शकतात, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकात क्लोरोफॉर्मला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. यावरून क्लोरीनच नको असा निष्कर्ष मात्र कृपा करून काढू नये. कॉलरा, विषमज्वर आणि कावीळ यांचा धोका आजचा आहे, तर ट्रायहॅलोमिथेनचा अनेक वर्षांच्या सेवनाचा. आणि दोन्ही टाळता येतात. त्यासाठी क्रम बदलावा लागतो. कच्च्या पाण्यातच भरपूर क्लोरीन ओतण्यापेक्षा आधी सेंद्रिय पदार्थ काढावेत आणि निर्जंतुकीकरण नंतर करावे. तसे केल्यास क्लोरीनही कमी लागतो, कारण एरवी सेंद्रिय पदार्थ तो मधल्या मध्येच संपवतात आणि वाहिनीच्या शेवटच्या घरापर्यंत तो पोहोचत नाही.

तो आपल्या नळापर्यंत पोहोचतो की नाही, हे आपण तपासू शकता. मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त (जंतू मारायला शिल्लक असलेला) क्लोरीन असावा. ग्रामपंचायतींत सर्रास होणारी ओ. टी. टेस्ट (ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून येणाऱ्या पिवळ्या रंगावरून क्लोरीन ओळखण्याची चाचणी) घरीही दोन मिनिटांत होते. पाणी उघड्या पातेल्यात उकळल्यास जंतू मरतात आणि ६१ अंशांनाच उकळणारा क्लोरोफॉर्मही बराचसा उडून जातो. रंग तसाच राहील, त्याची चिंता नको.

प्रश्न : आमच्या सोसायटीत आलेल्या एका विक्रेत्याने नळाच्या पाण्यात दोन सळया बुडवून वीज सोडली, तेव्हा पाणी तपकिरी होऊन त्यात चोथा जमला, त्याच्या आरओच्या पाण्यात काहीच झाले नाही. त्याने टीडीएस मीटरवर १८० आकडाही दाखवला. प्रत्येक घरी आरओ बसवावा का?
— सोसायटीचे सचिव, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर : तो चोथा आपल्या पाण्यातला नसून विक्रेत्याच्या सळईतला आहे. लोखंडी सळईतून वीज गेली की लोखंड विरघळते आणि त्याचा गंजासारखा साका तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने त्यातून वीजच वाहत नाही, म्हणून ते निर्मळ दिसते. पुढच्या वेळी त्याच्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगावा. सभासदांची करमणूक होईल.

टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. सेंद्रिय पदार्थ, जंतू, कीटकनाशके यांपैकी काहीच त्याला दिसत नाही. क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असल्याने १८० या आकड्यासाठी आरओची गरज नाही आणि त्यातून निम्म्याहून अधिक पाणी वाया जाऊ शकते, ते वेगळेच. बोअरवेलचे खारे पाणी पिण्यात येत असेल तर गोष्ट निराळी. नळाच्या पाण्यासाठी कार्बनची गाळणी आणि तिच्यानंतर अतिनील दिवा एवढे पुरते. मात्र कार्बन क्लोरीनही शोषतो. त्यामुळे मुदत संपलेल्या गाळणीत जंतू सुखाने वाढतात. ती ठरल्या वेळी बदलणार नसाल, तर न बसवलेली बरी.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये पाण्याला ओल्या मातीसारखा वास येतो. ते दूषित समजावे का?
— एक विद्यार्थी, नाशिक रोड

उत्तर : हा वास बहुधा जिओस्मिनचा असतो. पाणी आटून उन्हाने तापले की जलाशयातली नीलहरित शैवाले आणि काही जिवाणू ते तयार करतात; पहिल्या वळवानंतर मातीला येणारा वासही त्याचाच. लिटरमागे दहा नॅनोग्रॅमच्या आसपास असले तरी आपल्या नाकाला ते कळते. आढळते तेवढ्या प्रमाणात त्याचा अपाय होत नाही. तुरटी आणि क्लोरीन त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतात. केंद्रात कार्बनची भुकटी मिसळतात, घरी कार्बनची गाळणी चालते. वासाबरोबर पाणी हिरवट दिसू लागले किंवा नाल्यासारखी दुर्गंधी आली, तर मात्र ते पिऊ नये आणि नमुना प्रयोगशाळेत द्यावा.