खडी क्रशर, सिमेंट मिल आणि संगणकातलं मॉडेल : वाचकांचे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यातल्या क्रशरवाल्यांची आणि होटगीकडच्या सिमेंट मिलमधल्या मंडळींची तक्रार एकच असते : संगणकावर प्लांटचं मॉडेल मांडलं, पण त्याचे आकडे प्रत्यक्षाशी जुळत नाहीत. म्हणून हे प्रश्न एकत्र घेतले.

परदेशी सॉफ्टवेअरला आपला काळा दगड चालतो का? (मोहोळ)

चालतो. चाचणी मात्र तुमच्याच खाणीतल्या दगडाची हवी.

प्लांट न बघताच विक्रेता सांगतो, उत्पादन २० टक्के वाढेल. पैसे भरू का? (बार्शी)

भरू नका. आधी त्याने तुमचा आजचा प्लांट मॉडेलमध्ये उभा करून दाखवावा : तासाला किती टन, कोणत्या चाळणीवर किती टक्के, कोन क्रशरकडे पुन्हा फोडायला परत किती माल. आजचंच जुळत नसेल तर उद्याच्या टक्क्यांना अर्थ नाही. सही करण्याआधी त्या विक्रेत्याशी संबंध नसलेल्या प्रोसेस इंजिनिअरला कागद दाखवा.

क्रश सँडच्या ढिगातून घमेलंभर माल चाळला, मॉडेल वेगळंच सांगतं. चूक कोणाची? (अक्कलकोट)

आधी नमुन्यावर संशय घ्या. ढिगात जाड दाणा घरंगळून पायथ्याशी जातो, बारीक मधे राहतो; घमेलं कुठे घातलं त्यावर उत्तर ठरतं. नमुना बेल्टवरूनच घ्यायचा. प्लांट एकसारख्या लोडवर येऊ द्या, भरलेले बेल्ट थांबवा, मेन स्विचला कुलूप लावून चावी खिशात ठेवा, मगच पूर्ण रुंदीतला मोजून घेतलेला पट्टा उचला. तळाची भुकटी ब्रशने झाडून घ्या. ती राहिली की ७५ मायक्रॉनखालचा आकडा खोटा येतो. जाड मालाला घमेलं पुरत नाही : नमुना घेण्याचं शास्त्र मांडणाऱ्या पिएर गी यांच्या सूत्रानुसार सर्वांत मोठा दाणा दुप्पट झाला, तर तेवढ्याच अचूकतेसाठी नमुना आठपट लागतो. त्याच दिवशी कोनचं सेटिंगही (माल बाहेर पडायची फट) शिशाचा तुकडा सोडून मोजा, कारण लायनर (आतली पोलादी अस्तरं) झिजत असतात. 'प्लांट बंद ठेवणं परवडत नाही' हे मला पटत नाही. खोट्या नमुन्यावरून जाळ्या बदलणं जास्त महाग पडतं. किती किलो घ्यायचं, हे सल्लागाराकडून ठरवून घ्या.

क्लिंकरचा (भट्टीतून निघालेला, दळायचा माल) बाँड निर्देशांक (दळायला किती ऊर्जा लागेल ते सांगणारा आकडा) हँडबुकातून घेतला तर? (होटगी)

अंदाजापुरता ठीक. सुक्या दळणाला बाँडचं उत्तर १.३ ने गुणावं लागतं, सिमेंटच्या बारकाईला आणखी दुरुस्ती लागते. मोटर ठरवण्याआधी तुमचा क्लिंकर लॅबला पाठवा.

मोजणी पावसाळ्यानंतर केली तर? (पंढरपूर)

कशाला थांबता? कोरड्या मालाची आत्ता करा. पावसात ओली डस्ट जाळीला चिकटून चाळणी कमी चालते, तेव्हाची मोजणी वेगळी लागणारच. एका ऋतूचे आकडे दुसऱ्याला लावायचे का, हे मॉडेल करणाऱ्याला विचारल्याशिवाय ठरवू नका.