स्कॉटलंडच्या ब्लॅकहाऊसला, म्हणजे तिथल्या जुन्या दगडी, शाकारलेल्या शेतघराला, धुराडं का नसायचं? विसरलं होतं का?

नाही, विसरलं नव्हतं, धूर छपरातच मुरावा म्हणून धुराडं ठेवतच नसत. लुईस बेटावर अर्नॉल गावात ४२ नंबरचं असं घर जपून ठेवलंय, १९६६ पर्यंत त्यात माणसं राहत होती, त्यावरून सगळं नीट कळतं. जमिनीच्या मधोमध पीटची (दलदलीतून खणून वाळवलेल्या जळाऊ मातीची) शेकोटी, धूर हळूहळू वरच्या शाकारातून बाहेर झिरपायचा, त्याने किडे मरायचे आणि काजळी बसलेला जुना शाकार काढला की शेतात उत्तम खत! खरी कमाल भिंतीत आहे, चुना-सिमेंट काही नाही, दगडांचे दोन थर आणि मधे माती भरलेली, छप्पर टेकतं फक्त आतल्या थरावर, म्हणजे बाहेर वळचणच नाही आणि वादळी वाऱ्याला छप्पर उचलायला जागाच मिळत नाही. वरून दोर टाकून टोकांना दगड बांधलेले. गोठाही त्याच छपराखाली, गुरांची ऊब घरात. फक्त एक, ही पद्धत मुख्यतः तिकडच्या बेटांवरची, स्कॉटलंडची सगळी शेतघरं अशी नव्हती, किलिन गावाजवळच्या मॉयरलानिख लाँगहाऊस नावाच्या लांबट शेतघरात गोठा घराला लागूनच आहे पण चुलीवर लटकतं धुराडं आहे.