पेसमेकर तुझ्या वयाचा करून घे

पुणे, आषाढ

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

आईने "मावशीला विचार, तिलाही आहे" म्हणून तुला माझ्याकडे धाडलं, ते बरं केलं. तुझी प्रश्नांची यादी लांबलचक आहे आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तू शेवटी, जाता जाता लिहिला आहेस. पेसमेकरचं यंत्र बसलं, टाके सुकले, तरी कॉलेजचा तिसरा मजला भरभर चढताना मध्येच पाय गळून का जातात? डॉक्टरांना सांगितलंस का, तर नाही. "एवढं ऑपरेशन झालंय, व्हायचंच" असं आई म्हणाली आणि तूही ते मान्य करून टाकलंस. म्हणून मी सुरुवात तिथूनच करते, बाकीचं मागाहून.

हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो. दर ठोक्याचा विजेचा संदेश तिथून निघतो आणि मधल्या वाटेने खालच्या कप्प्यांत उतरतो. तुझा वरचा पुंजका ठणठणीत आहे, मधली वाट बंद पडली आहे. फाइलवर 'कम्प्लीट हार्ट ब्लॉक' लिहिलंय ते हेच. रक्तवाहिन्यांतल्या ब्लॉकेजशी याचा संबंध नाही. तेव्हा लसूण आणि अर्जुनाची साल घेऊन येणाऱ्या काकांना चहा पाज आणि प्रेमाने निरोप दे.

तुझ्या यंत्राची एक वायर वरच्या कप्प्यात बसून ऐकते आणि दुसरी खालच्या कप्प्याला ठोका देते. वर शंभर, तर खाली शंभर. पण ही साथ कुठवर द्यायची याची एक मर्यादा यंत्रात घातलेली असते, आणि बहुतेक यंत्रं ती 120-130 च्या आसपास ठेवूनच कारखान्यातून येतात. पेसमेकर बसवून घेणारे बहुतेक लोक म्हातारे असतात, त्यांना तेवढी पुरते. हृदयाच्या कमाल गतीचा ढोबळ हिशेब 220 वजा वय असा करतात. पंचाहत्तरीच्या आजोबांचे 145 होतात, तुझे एकविसाव्या वर्षी 199. जिना धावत चढलीस की तुझा वरचा पुंजका सहज 160 गाठतो. यंत्र आपली मर्यादा सोडत नाही, आधी मधला एखादा ठोका गाळतं, आणि वरची गती आणखी वाढली की एकाआड एक गाळायला लागतं. म्हणजे 160 चे एकदम 80. शरीराला रक्त सगळ्यात जास्त हवं असतं, नेमकं तेव्हाच. पाय गळतील नाही तर काय!

तुझं कारण हेच असेल असं मी इथे बसून सांगू शकत नाही. वायर सरकली असेल तरी असं होतं, म्हणून तपासणी लवकर करून घे. आणि डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा भोवळ आली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ, पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. पण मर्यादेचाच प्रश्न निघाला तर ती बदलायला कापाकापी लागत नाही. तपासणीच्या वेळी वापरतात त्या प्रोग्रामर नावाच्या उपकरणावरून पाच मिनिटांत होतं. ट्रेडमिलवर पळवून बघतात, ठोका कुठे गळतो ते कागदावर दिसतं, मग डॉक्टर ठरवतात. हे सगळं होतं, पण तू तोंड उघडलंस तर.

तपासणीच्या दिवशी काय होतं ते तूही पाहिलं असशील. बाहेर रांग, आत टेक्निशियन घाईत. तो विचारतो, "काही त्रास?" आपण म्हणतो, "नाही." तो बॅटरी बघतो, वायरी बघतो, सगळं छान म्हणतो आणि पुढचं नाव पुकारतो. त्याचंही खरंच असतं, कारण पलंगावर आडवं पडलेल्या माणसाचं यंत्र छानच चालतं. तू जिना कशी चढतेस हे त्याला कसं कळणार? तेव्हा कागदावर लिहून ने. कुठे, काय करताना, किती वेळ. 'थकवा येतो' हे निरुपयोगी वाक्य आहे. 'पर्वतीच्या पायऱ्या न थांबता चढले, अर्ध्यात अचानक दम तुटला, दोन मिनिटं उभी राहिल्यावर बरं वाटलं' यातून डॉक्टरांना पुष्कळ कळतं. सिंहगड आतकरवाडीकडून चढायचा आहे, बॅडमिंटन खेळायचं आहे, हेही सांग. यंत्र त्या आयुष्याप्रमाणे लावून घ्यायचं असतं. यंत्राला जमेल तेवढंच जगायचं, असं उलट करू नकोस. मला भेटलेल्या तरुण पेशंटपैकी बरेच जण हेच उलटं करतात आणि त्याला समजूतदारपणा म्हणतात.

आणखी एक गंमत. पुष्कळ यंत्रांत शरीराच्या हालचालीवरून गती वाढवणारा सेन्सर असतो. ज्यांचा वरचा पुंजकाच सुस्त असतो त्यांना तो फार उपयोगी, तुला कदाचित लागणारही नाही. पण तो चालू असला तर त्याला चालणं आणि हादरे यांतला फरक फारसा कळत नाही. पावसाळ्यातल्या आपल्या रस्त्यावर स्कूटरच्या मागच्या सीटवर बसलीस की त्याला वाटतं ही धावतेय, आणि तो उगीच ठोके वाढवतो. उलट गुळगुळीत रस्त्यावर सायकल मारताना धड हलत नाही, म्हणून तो झोपलेला. जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त धडधडतं अशी तक्रार करणारे लोक असतात, त्यांना कुणी वेड्यात काढू नये. याचंही सेटिंग बदलता येतं. रात्री ठरावीक वेळी मिनिटभर धडधडतं म्हणतेस, तर काही यंत्रं रात्री स्वतःची चाचणी घेतात. त्या वेळा टिपून ठेव आणि दाखव.

आता हात. आईने डावा हात अजून गळ्यात बांधून ठेवायला लावला आहे हे वाचून मी कपाळाला हात लावला. पहिले चार ते सहा आठवडे कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही आणि जड उचलायचं नाही, कारण वायरींची टोकं आत पक्की रुजायची असतात. पण खांद्याखालची हालचाल पहिल्या दिवसापासून हवी, नाहीतर खांदा आखडतो आणि मग फिजिओथेरपीचे हेलपाटे. तुझी ती मुदत आता संपली आहे. डॉक्टरांना एकदा विचार आणि हात मोकळा कर, वेणी स्वतः घाल, दोरीवर कपडे वाळत टाक. फिजिओथेरपीला जावंच लागलं तर शॉर्टवेव्ह डायथर्मीचा, म्हणजे विद्युतलहरींचा, शेक घ्यायचा नाही, हे तिथे आधी सांग.

बायकांच्या अडचणी पुरुष डॉक्टरांना सुचत नाहीत, म्हणून लिहिते. ब्राचा पट्टा बरोबर खाचेवरून, म्हणजे कातडीखाली यंत्र ठेवलंय त्या जागेवरून, जातो आणि घासतो. रुंद पट्ट्याची घे, खाली मऊ सुती कापडाची घडी ठेव. सॅक दोन्ही खांद्यांवर असली तरी डावा पट्टा सैल ठेव, आडवी पर्स उजव्या खांद्यावरून घे. कारमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलीस तर बेल्ट डाव्या खांद्यावरून येतो. तो काढायचा नाही, मध्ये छोटा टॉवेल ठेवायचा. गाडी चालवायची परवानगी मिळाली की स्कूटर मेन स्टँडला ओढून लावायचा हट्ट काही महिने सोड, तो झटका थेट खांद्यावर येतो. त्या जागी लाली, सूज, पाणी किंवा ताप आला, तर घरगुती लेप लावत बसू नकोस. आत संसर्ग झाला तर यंत्राची डबी आणि वायरी सगळंच काढावं लागतं.

मोबाइलचं तू उगीच मनाला लावून घेतलं आहेस. उजव्या कानाला लाव, छातीवर ठेवून झोपू नकोस, यंत्रापासून 15 सेंटीमीटर लांब राहू दे. नव्या फोनच्या पाठीतलं चुंबक, इअरफोनची डबी, कार्यक्रमात कुडत्यावर लावायला देतात तो चुंबकाचा बिल्ला यांवर मात्र लक्ष ठेव. चुंबक फार जवळ आलं की यंत्र ऐकणं थांबवून ठरावीक गतीने ठोके देत राहतं, आणि चुंबक लांब गेलं की आपोआप पूर्ववत होतं. म्हणजे आकाश कोसळत नाही. चुंबकाच्या गाद्या विकायला येणाऱ्यांना मात्र दारातूनच वाटेला लाव. तुमच्या फ्लॅटवरची इंडक्शन शेगडी चालेल, छाती तिच्यापासून दोन फूट लांब ठेवून काम कर. मायक्रोवेव्हला घाबरू नकोस. बाथरूमचा नळ झिणझिण्या देत असेल तर मालकाला आजच्या आज अर्थिंग नीट करायला लाव. गळणारा करंट यंत्राला ठोका वाटू शकतो, मग ते खरा ठोका द्यायचं थांबतं.

मेट्रो स्टेशनवर तपासणीच्या चौकटीतून नेहमीसारखी चालत जा. हातातलं डिटेक्टर छातीवर फिरवत राहू देऊ नकोस, पेसमेकरचं कार्ड दाखव. मॉलच्या दारातल्या चोरी पकडणाऱ्या खांबांना टेकून मैत्रिणीची वाट बघत उभी राहू नकोस, एवढंच. कार्डाचे फोटो फोनमध्ये, आईकडे आणि रूममेटकडे असू देत. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर सर्जनला आधी सांगायचं, कारण कॉटरीचा, म्हणजे रक्त थांबवायच्या विजेच्या उपकरणाचा, यंत्राला त्रास होतो. एमआरआय काढता येईल की नाही हे डबी आणि वायरी दोन्हींवर अवलंबून असतं, ते आत्ताच विचारून कार्डामागे लिहून ठेव.

चाकणच्या इंटर्नशिपला 'नको' म्हणू नकोस. ऑफिस, डिझाइन, मोजमापाच्या खोल्या यांत काही अडत नाही. प्रश्न वेल्डिंगच्या लाइनजवळ उभं राहण्याचा आहे, विशेषतः स्पॉट वेल्डिंगच्या. यंत्राच्या कंपनीला मॉडेल नंबर देऊन लेखी विचार आणि ते उत्तर तिथल्या सेफ्टीवाल्यांना दाखव.

आता ढोलाचं. नदीकाठी सराव सुरू झालाय आणि तुझा जीव तिकडे लागलाय हे मला कळतं. या वर्षी ढोल बांधू नकोस. तेवढं वजन, तासन् तास डाव्या हाताची थाप आणि गर्दीतला धक्का, हे नव्या वायरींना झेपणारं नाही. ध्वज किंवा झांजही थोडा वेळच, आणि डॉक्टर हो म्हणाले तर. डीजेच्या भिंतीपासून लांब राहा. स्पीकरमध्ये मोठी चुंबकं असतात, आणि माझ्या मते त्या भिंतीपासून प्रत्येकानेच लांब राहावं. पुढच्या वर्षी नव्याने विचारू. कबड्डी मात्र कायमची सोड, आणि जिममध्ये जड वजनं डोक्यावर ढकलण्याचा नाद नको. गळ्याखालचं आडवं हाड (कॉलरबोन) आणि बरगडी यांच्या मध्ये वायर दाबली जाऊन तुटू शकते. तुझ्या पुढे खूप वर्षं आहेत आणि शिरांमध्ये वायरींना जागा मोजकीच, त्यामुळे असलेली वायर सांभाळायची.

बॅटरी एका रात्रीत संपत नाही. साधारण आठ ते बारा वर्षं चालते, आणि संपत आली की तपासणीत काही महिने आधी कळतं. मग तीच खाच उघडून डबी बदलतात, वायरी चांगल्या असतील तर तशाच राहतात. माझी डबी बदलून झाली आहे. पहिल्या वेळच्या मानाने ते काम किरकोळ. जगात पहिल्यांदा शरीरात पूर्ण पेसमेकर बसवला तो 8 ऑक्टोबर 1958 ला, स्वीडनमध्ये. आर्ने लार्सन तेव्हा 43 वर्षांचे होते. बायकोने सर्जन आणि इंजिनिअर दोघांच्या मागे लागून लागून ते करायला लावलं. यंत्राचा साचा बूटपॉलिशच्या डबीचा होता आणि ते पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. बदलत बदलत त्यांना एकूण सव्वीस यंत्रं लागली. ते 2001 मध्ये 86 व्या वर्षी गेले, तोवर तो सर्जन आणि तो इंजिनिअर दोघंही आधीच वारले होते. मला त्या बाईचं कौतुक वाटतं.

दोन गोष्टी डॉक्टरांना स्वतःहून विचार. एक, ब्लॉक झाला कशाने. तरुण वयात अचानक असं होतं तेव्हा सारकॉइडोसिस (अवयवांत दाहाच्या बारीक गाठी होणारा आजार), क्षयरोग, हृदयाच्या स्नायूचा दाह यांचा शोध घ्यावा लागतो; नुसतं यंत्र बसवून ते कारण जात नाही. दोन, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, किती दिवसांनी करायचा. खालचा कप्पा सतत यंत्राच्या ठोक्यावर चालला तर वर्षानुवर्षांनी काही जणांचं हृदय थोडं कमजोर होतं, ते वेळेत दिसलं तर उपाय आहेत.

लग्नाचं विचारलंस. आत्या म्हणतात "आत्ता कशाला सांगायचं", त्यांचं ऐकू नकोस. स्थळ आलं की पत्रिकेच्या आधी सांगायचं. ज्यांना पळायचं ते लवकर पळालेले बरे, पोहे वाचतात. मूल होण्याला नुसता पेसमेकर आड येत नाही, फक्त हृदयाचे आणि प्रसूतीचे डॉक्टर एकमेकांशी बोलायला हवेत. विम्याच्या फॉर्मवर काही लपवू नकोस. 2024 च्या नियमांप्रमाणे आधीच्या आजाराच्या क्लेमसाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त 36 महिने आहे, लपवलंस तर क्लेमच बुडतो. बाबांच्या कंपनीच्या पॉलिसीत तुझं नाव किती वयापर्यंत राहतं तेही विचार.

पुढच्या आठवड्यात तपासणीची वेळ घे आणि मला कळव. मी बरोबर येईन, पण आत बोलायचं तू. आईला मी बाहेर बाकावर धरून ठेवते.

तुझी
मावशी